तारीफ आणि टॅरिफ

आयात मालावरच्या करांच्या तक्त्याला आपण टॅरिफ म्हणतो. अलीकडे हा शब्द रोजच्या बातम्यांत असतो आणि तो इंग्रजी आहे अशी आपली समजूत असते. इंग्रजीने तो इटालियनमधून घेतला आणि इटालियनने अरबीतून. मूळ शब्द तारीफ. भूमध्य समुद्रावर अरब आणि इटालियन व्यापाऱ्यांची देवघेव चालायची, तेव्हा कोणत्या मालाला किती कर हे आधी माहीत करून देणारा तक्ता लागायचा. 'माहीत करून देणे' हाच तारीफचा मूळ अर्थ आहे. मारूफ, तआरुफ, मारिफत हे सगळे त्याच घरचे शब्द. मराठीत आपण नावापुढे 'उर्फ' लावतो, तोही याच धातूतला.

उर्दूत तारीफचे दोन अर्थ रूढ आहेत. एक कौतुक, दुसरा व्याख्या. "इस्म की तारीफ बयान करो" असे विचारले की मराठी माध्यमातून आलेली मुले गोंधळतात. त्यांना वाटते सर नामाचे कौतुक करायला सांगत आहेत! मी त्यांना सांगतो, इथे तारीफ म्हणजे व्याख्या. एखादी गोष्ट काय आहे आणि काय नाही, याची हद्द आखणे.

व्याकरणाचा हा अर्थ कराच्या तक्त्यालाही लागू पडतो. कर बसवण्याआधी समोरची वस्तू काय आहे हे ठरवावे लागते. आधी तारीफ, मग टॅरिफ. आणि ज्याच्या हातात व्याख्या करण्याचा अधिकार असतो, त्याच्या हातात दुसऱ्या कुणाची तरी रोजी असते. आज हे मला एका साध्या वस्तूच्या निमित्ताने सांगायचे आहे. बनियान, टी-शर्ट, मोजे, स्वेटर. बाजारात ज्याला होजिअरी म्हणतात तो माल.

विणणे एक, प्रकार दोन

मराठीत कापड विणतात आणि स्वेटरही विणतात. उर्दूतही दोन्हीला 'बुनना' म्हणतात. आपल्या दोन्ही भाषांनी या कामांत फरक केला नाही. यंत्र आणि कस्टम्स दोघेही मात्र तो करतात. मागावरच्या कापडात उभे धागे ताणलेले असतात आणि त्यांच्यातून आडवा धागा जातो, म्हणजे ताना आणि बाना. होजिअरीत ताना नसतो. एकच धागा स्वतःभोवती फास घेत जातो, एका फाशातून दुसरा फास निघतो. म्हणूनच बनियान ताणली की ताणली जाते आणि सोडली की पुन्हा जागेवर येते. सदऱ्याचे कापड तसे ताणले जात नाही.

फाशांचे हे विणकाम युरोपने शोधले असा समज आहे. पण सुयांवर विणलेल्या कापडाचे सर्वांत जुने ज्ञात नमुने इजिप्तच्या मुस्लिम काळातले आहेत. निळ्या आणि पांढऱ्या सुती धाग्यांचे मोजे, काहींवर कूफी वळणाची अक्षरे. तिथून ही कला स्पेनमध्ये पोहोचली. १२७५ मध्ये मरण पावलेला कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांदो द ला सेर्दा याच्या कबरीत, बुर्गोस शहराजवळच्या मठात, रेशमाच्या विणीची उशी सापडली. तिच्या किनारीवर अरबीत 'बरकत' विणलेले आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली मुस्लिम कारागिराची दुआ! मोजा हा शब्दही फारसी, आणि आपण मराठीत तो परका न मानता वापरतो.

पुढे १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम लीने मोजे विणण्याची चौकट बनवली आणि बोटांचे काम यंत्राकडे गेले. १६९६ मध्ये इंग्लंडने ही चौकट देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी घातली. कापूस, माणसे, माल सगळे जगभर फिरो, पण यंत्र आपल्याकडेच राहो, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

जकातीचे दोन अर्थ

आता कराकडे येऊ. मराठीत जकात म्हणजे नाक्यावरचा कर. मुंबईत तो १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला तेव्हा संपला. तरी जकात नाका हे नाव बसथांब्यांवर अजून आहे. मुस्लिम घरात जकात म्हणजे इबादत, साठलेल्या संपत्तीतला गरिबाचा हक्क. शब्द एकच, पण एक माणूस आपणहून काढून देतो आणि दुसरा नाक्यावर अडवून घेतला जातो. जुन्या फकिहांनी हा फरक नीट ओळखला होता. बाजारात आणि वाटेवर अडवून घेतल्या जाणाऱ्या बेकायदा वसुलीला ते 'मक्स' म्हणत आणि तिची निंदा करत. राज्यकर्त्यांनी मात्र वसुलीला पवित्र शब्द चिकटवला आणि मराठीत तोच आला.

व्यापारी मालावरच्या कराचा जुना नियम इमाम अबू युसूफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये आहे. हजरत उमर यांच्या काळात मुस्लिम व्यापाऱ्याकडून चाळिसावा भाग, राज्यातल्या बिगरमुस्लिम रहिवाशाकडून विसावा आणि परराज्यातल्या व्यापाऱ्याकडून दहावा भाग घेतला जाई. दहाव्या भागाचे कारण सरळ होते. आपल्या व्यापाऱ्यांकडून त्यांच्या मुलखात तेवढाच घेतला जात होता. आज वॉशिंग्टन किंवा बीजिंगमधून 'जशास तसे' कराची भाषा ऐकू येते, ती नवी नाही.

या पद्धतीत मालाची व्याख्या गौण होती आणि मालकाची व्याख्या मुख्य होती. तिचा पुढचा अनुभव आपण लपवू नये. औरंगजेबाने १६६५ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांना अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्यांना पाच टक्के असा दर ठरवला. १६६७ मध्ये मुस्लिमांचा कर पूर्ण माफ केला. झाले काय? सवलत नावावर होती, म्हणून नाव भाड्याने मिळू लागले. हिंदू व्यापाऱ्याचा माल मुस्लिमाच्या नावाने नाक्यावरून जाऊ लागला. खजिना बुडू लागला आणि पुढे मुस्लिमांवर अडीच टक्के पुन्हा बसवावे लागले. अन्याय तर तो होताच, पण कारभार म्हणूनही फसला. सुरतच्या फुर्ज्यात, म्हणजे बंदरावरच्या कस्टम्स घरात, कापडाच्या गाठीला धर्म नसतो हे व्यापाऱ्यांना ठाऊक होते. ते बादशहाला उशिरा कळले.

त्याच सुमारास आपल्या मातीत वेगळा विचार दिसतो. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून कळवले की, पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा. बाहेरचे मीठ स्वस्त पडले तर व्यापारी तिकडेच वळतील आणि स्वराज्यातले मिठाचे आगर ओस पडतील, ही त्यामागची काळजी. मीठ विकणारा कोण, हा सवाल त्यात नाही. माल कुठला आणि त्याने इथल्या माणसाचे काय होईल, हा आहे. आज ज्याला संरक्षक आयात शुल्क म्हणतात ते साडेतीनशे वर्षांपूर्वी कोकणात लिहून ठेवलेले आहे.

तिसाचे सूत, विसाचे सूत

इंग्रजांच्या राज्यात व्याख्येची ताकद सर्वांत उघडी पडली. सुताच्या बारीकपणाला आपल्या विणकर वस्त्यांत काउंट म्हणतात. ८४० यार्डांची एक लडी, अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतात तितका काउंट. आकडा वाढला की सूत बारीक. मालेगाव किंवा भिवंडीच्या पोरालाही हे पाढ्यासारखे माहीत असते.

१८७० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या वाढत होत्या आणि हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर पाच टक्के कर होता. मँचेस्टरला तो खुपत होता. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटनने आपल्या कौन्सिलातल्या बहुमताचा विरोध बाजूला सारून, तीसपेक्षा बारीक सूत नसलेल्या कापडाचा कर माफ केला. जाडेभरडे कापड मुंबईच्या गिरण्या काढत, म्हणजे स्पर्धा तिथेच होती, आणि दार नेमके तिथेच उघडले. मग मँचेस्टरने आपला माल या रेषेच्या आत बसेल असा विणायला घेतला. १८८२ मध्ये उरलेला करही गेला.

१८९४ मध्ये सरकारला पैशांची चणचण भासली आणि पाच टक्के कर परत आला. सोबत एक अट आली. हिंदी गिरण्यांच्या विसापेक्षा बारीक सुतावरही पाच टक्के कर, म्हणजे विलायतेला तोटा नको. मँचेस्टरचे एवढ्यावर समाधान झाले नाही. १८९६ मध्ये सुतावरचा कर काढला, विलायती कापडावर साडेतीन टक्के ठेवला आणि हिंदी गिरणीच्या प्रत्येक कापडावर तेवढाच कर बसवला, मग ते कितीही जाड असो. जे कापड मँचेस्टर बनवतच नव्हते त्यावरही. १९१७ मध्ये आयात कर साडेसात टक्के झाला आणि हिंदी गिरण्यांवरचा कर साडेतीनवरच राहिला, तेव्हा थोडा फरक पडला. तो कर १९२५ च्या डिसेंबरात थांबला आणि पुढच्या वर्षी रद्द झाला. जवळजवळ तीस वर्षे एका अन्यायाचा हिशेब काउंटमध्ये आणि टक्क्यांत मांडलेला होता. गोळी नाही, लाठी नाही, फक्त तक्त्यातली एक ओळ.

यात आपल्या लोकांची जागा कुठे होती? १८५७ नंतर मऊ, आझमगड, बनारसकडचे मोमीन विणकर मालेगाव आणि भिवंडीला येऊन वसले. हातमागावर हा गिरणीचा कर नव्हता, आणि १८९६ नंतर विलायती सूत बिनकराचे मिळू लागले. म्हणजे ज्या तक्त्याने मुंबईच्या गिरणीला दाबले त्याने हातमागवाल्याला थोडा श्वास दिला. १९२२ मध्ये आयात सुतावर पाच टक्के बसले, तेव्हा गिरणीवाल्यांना हायसे वाटले आणि विणकराचे सूत महागले. देशाचे हित म्हणून जे सांगितले जाते ते देशातल्या सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी पोहोचत नाही. इतिहास वाचताना हे विसरू नये.

बनियानीची गिरणी

होजिअरी आपल्याकडे रुजली ती याच काळात. कोलकात्याच्या खिदिरपूर भागात १८९३ मध्ये पहिला कारखाना निघाला. लुधियानात पाया वेगळा होता. १८३० च्या दशकातल्या दुष्काळात काश्मीर सोडलेले शाल विणणारे तिथे वसले होते आणि लोकरीचा हात त्यांच्याबरोबर आला होता. तामिळनाडूच्या तिरुपूरमध्ये १९२५ च्या सुमारास गुलाम कादर यांनी हाताने चालणारी विणयंत्रे आणून बनियानीचा धंदा सुरू केला. आज तिरुपूर हे देशाच्या निटवेअर निर्यातीचे सर्वांत मोठे गाव आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर एका मुस्लिम उद्योजकाचे नाव आहे. आपल्या मुलांना हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१९३० च्या दशकात जपानी माल स्वस्तात येऊ लागला. सरकारने बिगरब्रिटिश कापडावरचा कर १९३२ मध्ये पन्नास आणि १९३३ मध्ये पंच्याहत्तर टक्क्यांवर नेला. जपानने उत्तर म्हणून हिंदी कापूस घेणे थांबवले, आणि १९३४ च्या कराराने कर पन्नासवर आला. या भांडणात खानदेश-वऱ्हाडचा कापूस पिकवणारा शेतकरीही ओढला गेला. कराचा तक्ता कापडाचा होता आणि झळ कपाशीच्या वाफ्यापर्यंत पोहोचली.

एकसष्टावा अध्याय

आजची व्याख्या कुठे लिहिलेली आहे? जगातल्या बहुतेक देशांनी मालाच्या वर्गवारीची एकच यादी मान्य केली आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही यादी १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. भारताने ती १९८६ मध्येच आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क कायद्यात बसवली. पहिले सहा आकडे साऱ्या जगात सारखे, पुढचे दोन आपले. होजिअरीच्या दुकानातले बिल काढून पाहा, एचएसएनच्या खाली ६१ ने सुरू होणारा आकडा दिसेल. जीएसटीने हीच यादी घेतली आहे.

साठावा अध्याय निटेड कापडाचा. एकसष्टावा निटेड आणि क्रोशाच्या कपड्यांचा. बासष्टावा मागावरच्या कापडाच्या कपड्यांचा. आपल्या भाषांनी जे जोडून ठेवले ते इथे दोन अध्यायांत तोडले आहे. पुढे वाचत गेलो की शब्दाशब्दावर पैसा उभा आहे असे जाणवते. ६१०९ म्हणजे टी-शर्ट आणि बनियान, ६११० म्हणजे स्वेटर, पुलोव्हर, कार्डिगन, ६११५ म्हणजे मोजे. पुरुषांचा निटेड शर्ट ६१०५ मध्ये जातो, पण त्याला कंबरेखाली खिसा असला, किंवा तळाशी घट्ट पट्टी असली, तर तो तिथे बसत नाही. विणीचे फासही मोजतात. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर, दोन्ही दिशांना, सेंटिमीटरमागे सरासरी दहापेक्षा कमी फास भरले तर तो 'शर्ट' राहत नाही.

सूत मिसळीचे असेल तर वजनाने जास्त तो धागा मालक. साठ टक्के सुती आणि चाळीस टक्के पॉलिस्टर असेल तर कपडा सुती. दोन्ही अगदी बरोबरीचे निघाले तर यादीत जो शेवटी येतो तो. पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषाचा आणि उजवी डावीवर येत असेल तर बाईचा. कशावरूनच ठरत नसेल तर तो बायकांच्या कपड्यात धरायचा. आणि बाळ कोण? तर ८६ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेले. वय कुणी विचारत नाही!

हसू येते, पण यात एक चांगली गोष्टही आहे. नियम छापलेला आहे, सर्वांना सारखा आहे, आणि फास मोजून कुणीही अधिकाऱ्याशी वाद घालू शकतो. सुरतच्या फुर्ज्यात मालकाचा धर्म विचारत होते, इथे धागा विचारतात. ही प्रगती आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

दार कुठे उघडते

तरीही व्याख्या कधी एकटी काम करत नाही. युरोपीय संघाने गरीब देशांच्या कपड्यांना करमाफी दिली तेव्हा २०१० पर्यंत अट अशी होती की, कापडही त्याच देशात बनलेले असावे. बांगलादेशला मागावरचे कापड बाहेरून आणावे लागे, पण निटेड कापड देशातच विणणे सोपे आणि कमी भांडवलाचे होते. म्हणून तिथे विणयंत्रे वाढली. एका अटीच्या ओळीने ढाका आणि नारायणगंजच्या लाखो मुलींना फासाच्या कामावर नेले. आज त्या देशाच्या निर्यातीत निटवेअर मागावरच्या कपड्यांच्या पुढे आहे.

भारताने २०११ मध्ये बांगलादेशच्या कपड्यांना बिनकराचे दार उघडले. २०१८ मध्ये इतर देशांसाठी ३२८ कापड वस्तूंवरचा कर दहावरून वीस टक्के केला, पण ढाक्याचे दार उघडेच राहिले. मग १७ मे २०२५ ला आदेश निघाला की बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून येणार नाहीत, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांतून येतील. कराचा आकडा बदलला नाही, फक्त दार बदलले. ट्रकने जवळून येणारी गाठ जहाजाने फिरून रायगडच्या किनाऱ्याला लागू लागली.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ ओळींवर वीस टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यातले जे जास्त ते, असा कर आला. किलोचा हिशेब कशासाठी? टक्केवारी बिलातल्या किमतीवर लागते आणि बिलात किंमत कमी दाखवता येते. वजन लपवणे कठीण. तराजू आणि माप यांत कमी करणाऱ्यांना कुरआनची एक पूर्ण सूरत ताकीद देते, तिचे नावच 'मुतफ्फिफीन' आहे. व्यापारी बदलले, बंदरे बदलली, पण माप मारण्याची खोड जुनीच आहे.

आता शेवटचे. या तक्त्यात धागा विचारतात, फास मोजतात, बटणाची बाजू पाहतात, बाळाची उंचीही मोजतात. कपडा शिवणाऱ्याची मजुरी मात्र कुठल्याच रकान्यात नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. तिथून निघालेल्या कपड्याचा आकडा दुसऱ्या दिवशीही तोच होता. यादी वस्तूची आहे, माणसाची नाही, हे खरे. पण यादी माणसे लिहितात आणि माणसेच बदलतात.

आपल्याकडे लूम चालवणारे हात पुष्कळ आहेत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या गल्ल्यांत सूत बोटाला लागताच काउंट सांगणारे लोक आहेत. पण अर्थसंकल्पापूर्वी सरकार सूचना मागवते तेव्हा अध्याय, ओळ आणि टीप वाचून निवेदन लिहिणारे किती? आपल्या शाळांत व्याख्या पाठ करून घेतात, गुण देतात आणि विसरून जातात. व्याख्या वाचून "ही कुणी केली, कुणासाठी केली" असे विचारायला मुलांना शिकवले पाहिजे. मराठीत, उर्दूत, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. १८९६ ची ती ओळ तीस वर्षांनी मिटली, कारण तिचा अर्थ समजणारे आणि तो लोकांना सांगणारे लोक या देशात होते.